दुपारच्या उन्हातला ओझोन आणि आपला श्वास

प्रश्न : ओझोनचा थर आपले रक्षण करतो असे शाळेत शिकलो. मग तोच वायू फुप्फुसांना घातक कसा? (सदर बझार, सातारा)

उत्तर : वायू तोच, जागा निराळी. तो थर जमिनीपासून साधारण 15 ते 35 किलोमीटर उंचीवर असतो आणि तिथे तो असायलाच हवा. जमिनीलगतचा ओझोन मात्र सहसा कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा यांची कडक उन्हात प्रक्रिया होऊन तो हवेतच तयार होतो. झेरॉक्सच्या जुन्या यंत्राजवळ येणारा तिखटसर वास पुष्कळदा याच वायूचा असतो.

प्रश्न : माझ्या 12 वर्षांच्या मुलाला दमा आहे. मे महिन्यात दुपारी क्रिकेट खेळून आला की तो खोकतो आणि दीर्घ श्वास घेताना छातीत दुखते म्हणतो. मैदानावर धूळ तर सकाळीही असते, पण तेव्हा त्रास होत नाही. (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : पत्रावरून निदान करू नये, व्यायामाने उठणारा दमा आधी तपासून घ्यावा. तरीही सकाळ-दुपारचा हा फरक आपण नेमका टिपला आहे. ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाक-घशाच्या ओलाव्यात तो पुरता अडत नाही आणि श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांपर्यंत पोहोचून तिथल्या अस्तराला सूज आणतो. त्या अस्तरातील मज्जातंतू चेतवले गेल्यामुळे निरोगी माणसालाही काही तास छाती भरून श्वास घेता येत नाही. दमेकऱ्याच्या नलिका तर पुढचा एखादा दिवस धूळ आणि परागकणांना अधिकच हळव्या होतात. शिवाय बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, धावणारा मुलगा त्याच्या कित्येक पट, तीही तोंडाने. म्हणून खेळ सकाळी सातला हलवावा. दुपारी चारला अजिंक्यतारा चढणाऱ्या मोठ्यांनाही मी हेच सांगतो. (हिवाळ्यात पहाटे धूर आणि धूलिकण जमिनीलगत साचतात, तेव्हा हा सल्ला जसाच्या तसा लागू नाही.) दमा हा थंडीचाच आजार अशा समजुतीने उन्हाळ्यात रोजचा पंप बंद करणारे पालक मला दरवर्षी भेटतात, डॉक्टरांना विचारल्यावाचून तो बंद करू नये.

प्रश्न : आम्ही हायवेपासून दूर मळ्यात राहतो. आम्हाला काय भीती? (मिरज तालुका, जि. सांगली)

उत्तर : हायवेवरच्या ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड ओझोनला तिथल्या तिथे खाऊन टाकतो. तीच हवा वाऱ्याने वाहत, उन्हात तापत काही तासांनी शिवारावर येते तेव्हा तिच्यातील ओझोन शहरापेक्षा जास्त भरू शकतो. उसाचे पाचट पेटवल्याने त्याला लागणारा कच्चा माल आणखी मिळतो. आपल्या देशात आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आणि एका तासाची 180 आहे. ती मळ्यालाही तेवढीच लागू आहे.

प्रश्न : मास्क किंवा घरात ओझोन सोडणारे हवा शुद्ध करण्याचे यंत्र उपयोगी पडेल का? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : एन-95 मास्क कण अडवतो, वायू नाही. भर दुपारी खिडक्या लावून घरात थांबणे अधिक उपयोगाचे, कारण बाहेरचा बराचसा ओझोन भिंती, पडदे आणि फर्निचरवर आदळून नष्ट होतो. आणि त्याच बंद खोलीत ओझोन सोडणारे यंत्र लावणे म्हणजे नसते दुखणे विकत घेणे. ते घेऊ नये. घेतले असल्यास माणसे असलेल्या खोलीत चालू करू नये.