अ‍ॅपमधल्या आवाजासाठी कोणती फाइल घ्यावी?

पहिलंच अ‍ॅप करताय, तर मूळ रेकॉर्डिंग वेव्हमध्येच (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी फाइल) जपून ठेवा. एमपी३ आणि एएसी हे प्रकार फाइल लहान करायला आवाजातला काही भाग गाळतात. एमपी३ वरून पुन्हा एएसी केलं की दोनदा गाळलेला आवाज हाती येतो आणि गेलेलं परत मिळत नाही.

गोष्टी, गाणी अशा लांब आवाजासाठी एएसी, म्हणजे एम४ए फाइल घ्या. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हीकडे ती वाजते. सीडीच्या दर्जाची एक मिनिटाची स्टीरिओ वेव्ह जवळपास १० एमबी भरते. तीच १२८ केबीपीएसच्या (दर सेकंदाला १२८ किलोबिट) एएसीत १ एमबीच्या आसपास बसते. नुसतं बोलणं असेल तर मोनो (एकच चॅनेल) आणि ६४ केबीपीएस पुरे. एमपी३ही दोन्हीकडे चालतं, पण सलग फिरणाऱ्या पार्श्वसंगीताला ते लावू नका. फाइलच्या सुरुवातीला बारीकशी शांतता शिरते आणि दर फेरीला ठेच लागल्यासारखं ऐकू येतं. हे कळायला माझ्या दोन रात्री गेल्या.

बटणाच्या टिचकीसारखे छोटे आवाज मात्र वेव्हच ठेवा. फाइल उलगडण्यात वेळ जात नाही, बोट टेकताच आवाज येतो.

ऑग ही आणखी एक दाबलेली फाइल अँड्रॉइडवर छान, आयफोनसाठी तिच्यावर विसंबू नका. आयफोनच्या नोटिफिकेशनला वेव्ह किंवा अ‍ॅपलच्या एआयएफएफ, सीएएफ यांपैकी एक फाइल द्या, तीही ३० सेकंदांच्या आतली. नाहीतर फोन स्वतःचाच ठरलेला आवाज वाजवतो.

आणि अँड्रॉइड प्रोजेक्टमध्ये आवाजाच्या फाइल ठेवायच्या रॉ (raw) फोल्डरमध्ये फाइलचं नाव इंग्रजी लहान अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यातच ठेवा. एक मोठं अक्षर आलं तरी बिल्ड, म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार होणं, अडतो.