‘आम्ही फक्त एजंट आहोत’ असे सहल कंपनी म्हणते तेव्हा

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि माझी मोठी बहीण सांगलीत राहतो. फारशा नावाजलेल्या नसलेल्या एका सहल कंपनीकडे सिंगापूर-पेनांग क्रूझसह सात दिवसांच्या सहलीचे ३,२४,००० रुपये भरले. काही बँकेतून, काही क्रेडिट कार्डाने. निघायला पंधरा दिवस असताना ‘क्रूझची फेरी रद्द झाली, आम्ही फक्त एजंट आहोत’ असा व्हॉट्सॲपवर निरोप आला. वर्षभराचे व्हाउचर घ्या, नाहीतर ४० टक्के कापून उरलेले पैसे घ्या, असे ते म्हणतात. पावतीमागे ‘रक्कम परत मिळणार नाही’ आणि ‘वाद मुंबईच्या न्यायालयातच’ असे छापले आहे. काय करावे?

उत्तर : व्हाउचर घेऊ नका आणि तसा नकार आजच ई-मेलने कळवा, फोनवर नुसते ‘बघू’ म्हणालात, तर आपण पर्याय मान्य केला होता असा बचाव पुढे हमखास घेतला जातो.

मग पावती नीट वाचा. ती सहल कंपनीच्याच नावाची असेल, तिच्यावर संपूर्ण सहलीची एकच ठोक रक्कम असेल आणि क्रूझ कंपनीचा उल्लेखही नसेल, तर आपला करार सहल कंपनीशीच झाला असे म्हणायला भक्कम आधार आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३० नुसार, ज्याच्या वतीने आपण व्यवहार करतो त्याचे नाव ज्याने उघड केलेले नाही असा एजंट स्वतःच बांधील असल्याचे गृहीत धरले जाते. परदेश सहलीवरचा टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर) या सहल कंपनीने स्वतःच्या नावाने वसूल केला आहे का, हे आपल्या प्राप्तिकर खात्यातील नोंदीत पाहा. हा कर पॅकेज विकणाऱ्याने गोळा करायचा असतो. तो गोळा करणारी कंपनी नंतर ‘आम्ही फक्त एजंट’ म्हणू लागली, तर ते तिला जड जाईल.

मला खरी शंका वेगळीच आहे. केबिन कधी आरक्षित केली होती का? आरक्षण झाले की क्रूझ कंपनी बुकिंग क्रमांक देते, आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. तो लेखी मागून घ्या व थेट क्रूझ कंपनीला विचारा की, आमच्या नावाने आरक्षण होते का, फेरी खरोखर रद्द झाली का, आणि परतावा कोणाला दिला. जहाज कंपन्या बंद पडतात हे खरे. मुंबईहून २०१९ मध्ये सुरू झालेले जलेश क्रूझेसचे ‘कर्णिका’ पुढच्याच वर्षी अलंगला भंगारात गेले. पण आरक्षणच झाले नव्हते असे निघाले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देण्याइतके ते गंभीर आहे.

४० टक्के कपातीला मला आधार दिसत नाही. रद्द करण्याचा आकार ग्राहकाने माघार घेतल्यास लागतो. येथे माघार आपण घेतलेली नाही.

पंधरा दिवसांची नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेवढ्यात पैसे न आल्यास सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईच्या छापील अटीने बिचकू नका. मोबदला, म्हणजे आपण भरलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीत भर सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथेवर ठेवा. ‘अनुचित करार’, म्हणजे कराराच्या अटीच एकतर्फी आहेत, हा मुख्य मुद्दा केलात, तर तो विषय राज्य आयोगाच्या कक्षेत जातो आणि प्रकरण विनाकारण लांबते. कार्डाने भरलेल्या रकमेसाठी बँकेकडे चार्जबॅकचा (कार्डाने गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याचा) अर्ज मात्र लगेच द्या, त्याची मुदत कमी असते.

कंपनी एकट्याच्या मालकीची आहे, भागीदारी आहे की प्रायव्हेट लिमिटेड, हेही शोधून काढा. मालकीची असेल तर मालकाची खासगी मालमत्ताही जबाबदार धरता येते, आणि त्या बाबतीत लहान कंपनी आपल्या पथ्यावरच पडेल. प्रायव्हेट लिमिटेड असून ती दिवाळखोरीत गेली, तर इतर घेणेकऱ्यांसोबत रांगेत उभे राहावे लागेल.

आणखी एक. परतावा देतो म्हणून कार्यालयात बोलावले आणि मूळ पावती जमा करायला सांगितली, तर छायाप्रत द्या, आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या कागदावर पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय तिघांपैकी कोणीही सही करू नका.