पाइपवरून उडी: मारली, घेतली की टाकली?

प्रश्न असा आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेमचं मराठीत वर्णन करताना त्याच्या नायकाबद्दल एकाने लिहिलं, ‘मारिओ पाइपवरून उडी मारतो.’ वाचणाऱ्या दोघांनी त्याचे दोन अर्थ लावले. एकाला वाटलं, मारिओ जमिनीवरून उसळून पाइपच्या पलीकडे गेला. दुसऱ्याला वाटलं, तो पाइपवर उभा होता आणि तिथून खाली आला. बरोबर कोण? शिवाय उडी मारणे, घेणे आणि टाकणे यांत फरक आहे का?

दोघंही बरोबर आहेत. घोळ उडीत नाही, ‘वरून’मध्ये आहे.

‘वरून’ची दोन कामं इथे एकमेकांत मिसळली आहेत. ‘झाडावरून पडला’ म्हणताना झाड हे सुटण्याचं ठिकाण असतं. ‘डोक्यावरून विमान गेलं’ म्हणताना डोकं हे ओलांडण्याचं ठिकाण असतं, विमान डोक्यावर कधी टेकलेलं नसतं. पडणे, उतरणे, जाणे या क्रियापदांबरोबर आपण गोंधळत नाही, कारण दिशा क्रियापदातच असते. ‘उडी मारणे’ मात्र दिशेबद्दल काहीच बोलत नाही. वर, खाली, पुढे, जागच्या जागी, कशीही उडी मारता येते. म्हणून ‘पाइपवरून’चे दोन्ही अर्थ तिथे शिल्लक राहतात.

आणि खेळातही दोन्ही गोष्टी घडतात! पहिल्याच भागात, म्हणजे वर्ल्ड १-१ मध्ये, सुरुवातीला ओळीने चार पाइप लागतात. त्यांतले पहिले तीन एकाहून एक उंच आहेत. पहिला बुटका असल्यामुळे धावत येऊन तो एका उडीत पार करता येतो. उंच पाइपवर मात्र बहुतेक जण आधी चढतात आणि मग पलीकडे उतरतात. म्हणजे तुमच्या वाक्याचा एक अर्थ पहिल्या पाइपला लागू, दुसरा तिसऱ्या-चौथ्याला. चित्र समोर नसेल तर वाचकाने ठरवायचं कशावरून?

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उपयोगी पडतं. ‘उडी टाकणे’ला दिशा आहे, आणि ती खाली आहे. विहिरीत उडी टाकतात, कड्यावरून उडी टाकतात. माळ्यावर उडी टाकली असं कोणी म्हणत नाही. तेव्हा ‘पाइपवरून खाली उडी टाकली’ असं लिहिलंत की तो आधी पाइपवर होता हे आपोआप कळतं. पलीकडे जाणं सांगायचं असेल तर ‘उडी मारून पाइप ओलांडला’ लिहा. ‘ओलांडणे’ मला या खेळासाठी फार नेमकं वाटतं. उंबरठा ओलांडतो, मर्यादा ओलांडतो, तेव्हा ती गोष्ट मागे पडते. या खेळात पडदा उजवीकडे एकदा सरकला की डावीकडे परत येत नाही. डाव्या कडेबाहेर गेलेला पाइप खरोखरच ओलांडलेला असतो.

‘उडी घेणे’त दिशेपेक्षा निश्चय जास्त आहे. लढ्यात उडी घेतात, राजकारणात उडी घेतात. समुद्रातही उडी घेतात, पण तेव्हा आपल्या मनात पाण्याइतकाच घेणाऱ्याचा निर्धार असतो. खेळाच्या रोजच्या वर्णनात हे क्रियापद जरा जड होतं. एखाद्या रुंद खड्ड्याच्या काठावर थांबून, अंदाज घेऊन मारलेल्या उडीसाठी ते राखून ठेवावं.

‘वर’ आणि ‘वरून’ यांतला फरक तर इथे जिवावरचा आहे. ‘गुम्बावर उडी मारली’ म्हणजे तो तपकिरी, अळंबीसारखा शत्रू चेपला. ‘गुम्बावरून उडी मारली’ म्हणजे त्याला जिवंत सोडून मारिओ पुढे गेला. मुलं बोलताना हे कधी चुकवत नाहीत, लिहिताना मात्र मोठी माणसं चुकवतात. गुम्बा चेपल्यावर मारिओ आपोआप पुन्हा थोडा वर जातो. त्याला ‘दुसरी उडी’ म्हणू नका. ती उसळी आहे. चेंडू उसळी घेतो तशी, पायाखालच्या वस्तूने दिलेली.

भागाच्या शेवटी पायऱ्या चढून मारिओ झेंड्याचा दांडा गाठतो. तिथे ‘झेप’ हवी. झेपेच्या टोकाला काहीतरी पकडायचं असतं, वाघाची झेप म्हणूनच झेप असते. दांडा जितका वर पकडाल तितके गुण जास्त, अगदी टोकाजवळ ५०००. पाण्याखालच्या भागांत तेच बटण दाबलं तरी ती उडी राहत नाही. तिथे मारिओ ‘हात मारतो’. आणि ‘सूर मारणे’ या खेळात कुठेच नको, कारण सूर डोकं पुढे करून मारतात, मारिओ उभ्यानेच खाली येतो.

‘उडी’ आणि ‘उडणे’ एकाच घरातले शब्द आहेत, संस्कृत उद् + डी म्हणजे वर उडणे यातून आलेले. मला हे नातं या खेळात दिसतं. याच नायकाचा १९८१चा खेळ ‘डाँकी काँग’. त्यात त्याचं नावच जंपमॅन होतं, पण एकदा उडी मारली की हवेत तिचा मार्ग बदलता येत नसे. सुटलेला बाण जसा. १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला, त्यात बटण जास्त वेळ दाबलं तर उडी उंच जाते आणि हवेत असतानाही डावी-उजवीकडे वळवता येते. उडीत थोडं उडणं परत आलं.

अशा खेळांच्या प्रकाराला, म्हणजे ‘प्लॅटफॉर्म गेम’ला, ‘फलाट-खेळ’ म्हणावं का, असंही प्रश्नाच्या शेवटी विचारलं आहे. मी म्हणणार नाही. फलाट म्हटलं की गाडीची वाट पाहत थांबणं आठवतं, इथे कुठे थांबायचंच नसतं. १९८०च्या ‘स्पेस पॅनिक’मध्ये मजले होते, शिड्या होत्या, पण उडी नव्हती. ‘डाँकी काँग’मध्ये ती आली आणि या प्रकाराचं रूपच पालटलं. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो स्वतः अशा खेळांना ‘अ‍ॅथलेटिक गेम’ म्हणत, म्हणजे त्यांनीही नाव जागेवरून न देता शरीराच्या हालचालीवरून दिलं. ‘प्लॅटफॉर्म गेम’ हा शब्द रुळला आहे, तो खुशाल वापरा. मराठी शब्दच हवा असेल तर ‘उड्यांचा खेळ’ म्हणा, लहान मुलालाही समजावून सांगावा लागणार नाही.

मूळ वाक्य मी असं लिहीन: ‘मारिओने पहिला पाइप उडी मारून ओलांडला, तिसऱ्यावर चढला आणि तिथून खाली थेट गुम्बावर उडी टाकली.’