वजन वाढलं, मग मांड्या का वाळल्या?

प्रश्न : मुलगा 13 वर्षांचा आहे. रक्ताचा कॅन्सर (एएलएल), केमोचा पहिला महिना संपत आलाय. चेहरा गोल झाला, वजन 3 किलोनं वाढलं, पण मांड्या पार वाळल्यात. खाली बसला की आधाराशिवाय उठवत नाही. सासूबाई म्हणतात, पडून राहू दे. शेजाऱ्यांनी प्रोटीन पावडरचा डबा आणून दिलाय. देऊ का?
– एक आई, मिरज

उत्तर : डबा तूर्त कपाटात राहू द्या.

या पहिल्या टप्प्यात साधारण 4 आठवडे रोज स्टेरॉइड असतं. त्यानं भूक खवळते. रात्री दोनला वडापाव मागणारी मुलं आम्हा फिजिओथेरपिस्टना नवी नाहीत. अंगात पाणी आणि चरबी साठते, आणि त्याच वेळी कंबर, मांड्या, खांद्यांचे स्नायू झिजतात. म्हणून वजनकाट्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. हात न टेकता तो खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठतो, ते दर आठवड्याला वहीत लिहा.

आणखी एक बघा : टाचांवर चालता येतं का? पाऊल फरफटत असेल, जबडा दुखत असेल, तर केमोतल्या विन्क्रिस्टिन या औषधानं नसांवर परिणाम केलेला असू शकतो. हे डॉक्टरांना लगेच सांगा. बुरशीवरची इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यानं विन्क्रिस्टिनचा त्रास वाढतो. मनानं मात्र कुठलंच औषध बंद करू नका. पाऊल लोंबतच असेल तर स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारा आधार) लागतो.

पडून राहिल्यानं स्नायू आणखी झिजतात. डॉक्टरांना विचारून खुर्चीवरून ऊठ-बस सुरू करा. मॅच लागली असेल तर दर ओव्हर संपली की एकदा उठायचं. मोजायला आजींनाच बसवा, त्यांची काळजीही कामी येईल! ताप असेल, प्लेटलेट्स खाली असतील, त्या दिवशी आधी वॉर्डात फोन करा. तेल लावून जोरात रगडणं तर अशा वेळी नकोच.

खाण्यात वेफर्स, फरसाण कमी. पूर्ण उकडलेलं अंडं द्या, एकात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन मिळतं. वरण घट्ट हवं, वरचं पाणी नव्हे. पनीर आणि नीट शिजवलेले मासेही चालतील. पावडरचं हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांना लिव्हर-किडनीचे रिपोर्ट दाखवून ठरवा. केमोतलं अॅस्परॅजिनेज हे औषध चालू असताना पोटात जोरात दुखून उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

स्टेरॉइड थांबलं की मांड्यांची ताकद बहुधा हळूहळू परत येते, काही आठवडे-महिने लागतात. नसांना त्याहून जास्त वेळ लागू शकतो.