मुलगा जपानी शाळेत, इंग्रजी शब्द पाठ होतात पण टिकत नाहीत. शाळा बदलू का?

प्रश्न: आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो. मुलगा इथलाच जन्मलेला, होइकुएनपासून म्हणजे पाळणाघरापासून जपानी शाळेत, आता चू-नीला म्हणजे आपल्याकडची आठवी. घरी मराठी बोलतो पण डोक्यात सगळं जपानीच. एइकेनची, म्हणजे इथल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तिसरी ग्रेड झाली, त्यापुढच्या प्री-2 ची तयारी चालू आहे. रोज तीसेक शब्द पाठ करतो आणि आठवड्याभरात विसरतो. त्याला रोबोटिक्स करायचंय. मिस्टर म्हणतात आत्ताच इंडियन स्कूलला घालू, नाहीतर इंग्रजी कायमचं कच्चं राहील. काय करावं?

नमस्कार ताई,

आधी शाळेचंच बोलते कारण घरात वाद त्याचा आहे. नुसते इंग्रजी शब्द कमी पडतात म्हणून आत्ता शाळा बदलू नका. गणित, सायन्स सगळं त्याला जपानीत कळतंय, ते चौदाव्या वर्षी मध्येच तोडलं तर शब्द यायचे तेव्हा येतील पण तोवर विषय हातचे जातील. आणि रोबोटिक्सच करायचं असेल तर चू-सान म्हणजे नववी झाल्यावर कोसेन आहे ना, पाच वर्षांचं टेक्निकल कॉलेज, 1962 पासून चालू आहे, देशभरात 51 सरकारी कोसेन आहेत, तिथली मुलं 1988 पासून रोबोकॉन ही रोबोटची स्पर्धा खेळतायत आणि पुढे युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षालाही जाता येतं. ही वाट जपानी चांगलं असलेल्या मुलाची आहे. मिस्टरांना एखाद्या कोसेनच्या ओपन डेला घेऊन जा, तिथली वर्कशॉप बघू दे त्यांना.

आता शब्द. पहिलं म्हणजे पोरगा आळशी नाहीये, ओझंच वाढलंय. 2021 पासून चू-गाक्कोच्या (सातवी ते नववीच्या) इंग्रजीत 1,600 ते 1,800 नवे शब्द आलेत, आधी 1,200 होते, शिवाय प्रायमरीतले 600-700 वेगळे. हायस्कूलला आणखी 1,800 ते 2,500 येणार. त्यामुळे पद्धत आत्ताच बदलायला हवी.

तो पाठ कसं करतो ते मी न बघताही सांगते. तांगोचो म्हणजे शब्दांचं पुस्तक उघडायचं, लाल अक्षरातल्या जपानी अर्थावर लाल प्लास्टिकची शीट ठेवायची, इंग्रजी शब्द बघायचा, अर्थ मनात म्हणायचा, शीट सरकवायची, बरोबर, पुढचा. यात शब्द फक्त ओळखता येतो, वापरता येत नाही. आणि 2024 पासून एइकेनच्या तिसऱ्या ग्रेडला आणि प्री-2 ला ईमेलला उत्तर लिहायचा प्रश्न आलाय, तिथे ओळखून काय करणार, शब्द स्वतःहून सुचावा लागतो. म्हणून उलटं करा. जपानी अर्थ बघून इंग्रजी शब्द कागदावर लिहायचा, स्पेलिंगसकट. मग त्याच शब्दाचं एक वाक्य त्याच्या स्वतःच्या आयुष्यातलं, बुकात्सुचं म्हणजे शाळेतल्या क्लबचं, बेंतोचं म्हणजे डब्याचं, दोस्ताशी झालेल्या भांडणाचं, काहीही चालेल. रोज तीस नको, आठ-दहा बास. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने परत. आकडा लहान दिसतो म्हणून तुम्ही घाबरू नका, महिन्याने जे उरतं तेच खरं.

दुसरं, त्याच्याकडे इंग्रजी शब्द आधीपासूनच ढिगाने आहेत, फक्त काताकानात, म्हणजे परकीय शब्द लिहायच्या जपानी लिपीत आहेत. हा खजिना आहे पण तपासून घ्यावा लागतो. कोन्सेन्तो म्हणजे त्याच्यासाठी भिंतीतलं सॉकेट, इंग्रजीत कन्सेंट म्हणजे संमती. कान्निंगु म्हणजे कॉपी करणं, इंग्रजीत कनिंग म्हणजे धूर्त. आणि टेन्शनचं तर बघा, शाळेत तेन्शोन ताकाई म्हणजे पोरगं जाम उत्साहात आहे, घरी तुम्ही म्हणता टेन्शन घेऊ नकोस, मग तिसरा इंग्रजी अर्थ आला की त्याचा गोंधळ होणारच. एक वेगळी वही करा, अर्थ बदलणारे काताकाना शब्द तिथे. बाकी सरळ जुळणारे पटापट पुढे ढकला, त्यावर वेळ घालवू नका.

उच्चार मात्र काताकानात लिहू देऊ नका. मिल्कचं मिरुकु होतं, र आणि ल एक होतात, आणि मग लाइट आणि राइट ऐकून वेगळे कळतच नाहीत. त्याला देवनागरी येत असेल तर वहीत देवनागरीत लिहू दे, आपल्याकडे र-ल वेगळे आहेत, जोडाक्षरं आहेत. डब्ल्यू आणि व्ही दोन्हीचा व होतो तेवढं ऑडिओ ऐकून नीट करून घ्यायचं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. सायन्सचे लांबलचक इंग्रजी शब्द कांजीतून, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांतून शिकवा. कोगोसेई त्याला येतं, पहिली कांजी प्रकाशाची, पुढच्या दोन म्हणजे संश्लेषण. फोटोसिंथेसिसही तसंच तुटतं, फोटो म्हणजे प्रकाश आणि सिंथेसिस. आणि आपलं प्रकाशसंश्लेषण! तिन्ही भाषांत शब्दाची बांधणी तीच आहे. तसंच ओन्दोकेई, तापमापी, थर्मामीटर. किआत्सुकेई, वायुभारमापी, बॅरोमीटर. केई दिसलं की मापी, मापी म्हटलं की मीटर. एकदा ही तोड हाताला लागली की हायड्रो, थर्मो, ऑटो असे तुकडे ओळखून तो नवीन शब्दाचा अंदाज स्वतः बांधेल, आणि इंजिनिअरिंगच्या पुस्तकात असेच शब्द भरलेले असतात. यासाठी रविवारी अर्धा तास तुम्ही त्याच्यासोबत बसा, मराठी शब्द तुम्ही द्या, कांजी तो देईल, इंग्रजी दोघं मिळून शोधा. घरी मराठी बंद करून इंग्रजी बोलायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका.

वाचायला सोप्या ग्रेडेड गोष्टी द्या, इतक्या सोप्या की डिक्शनरी लागायला नको. जपानी लायब्ररीत तादोकु (भरपूर वाचन) म्हणून विचारा.

परीक्षेची घाई नको. एइकेन वर्षातून तीनदा असते, येती एक सोडली तरी चालेल. तीन महिने या पद्धतीने करून मगच प्री-2 चा फॉर्म भरा. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा त्याच्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवा, वाक्यं कशी लिहितो ते बघून पुढचं सांगते.