ओ पेअर म्हणजे आया का?

प्रश्न असा आला आहे: भाची वर्षभरासाठी जर्मनीला ओ पेअर म्हणून चालली आहे, म्हणजे तिथल्या एका कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायची आणि भाषा शिकायची. नातेवाईक विचारतात, 'म्हणजे आया का?' आणि तिला ते लागतं. याला नेमका मराठी शब्द कोणता? लिहायचं कसं, ऑ, औ की ओ?

लिहायचं 'ओ पेअर'. शब्द फ्रेंच आहे आणि तिथे उच्चार 'ओ'च होतो. एरवी जर्मनमध्ये त्याच दोन अक्षरांचा (au) उच्चार 'आउ' होतो, पण या शब्दापुरतं जर्मन लोकही 'ओ' म्हणतात.

अर्थाची गंमत मोठी आहे. यातला 'पेअर' लॅटिनमधल्या 'समान' या अर्थाच्या शब्दावरून आला. रोखा दर्शनी किमतीला विकला गेला तर आपण 'सममूल्याने' म्हणतो. फ्रेंच तिथेही हाच शब्दप्रयोग करतात. घरकामाच्या संदर्भात त्याचा अर्थ झाला बरोबरीची देवघेव: एकाने काम करायचं, दुसऱ्याने राहणं-जेवण द्यायचं. पगार मधे नाही.

आता आपल्याकडे या व्यवहाराला शब्द आहे, आणि तो म्हणजे 'पोटावारी'. पोटावारी राबणं, पोटावारी राहणं. व्यवहार तोच, पण आपल्या शब्दात लाचारी भरली आहे आणि फ्रेंच शब्दात बरोबरी. म्हणून अर्थ जुळत असूनही मी तो कधीच सुचवणार नाही.

'दाई'ही बसत नाही. ती एक तर अंगावर पाजणारी, नाही तर सुईण. 'आया' पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. त्यांच्याकडे बड्या घरातल्या मुलांना वाढवणाऱ्या, वळण लावणाऱ्या बाईला तो लावत. आज मराठीत आया म्हणजे शाळेतली, दवाखान्यातली किंवा घरी येणारी पगारी बाई. ते काम मानाचंच आहे. पण ओ पेअर पगारी नोकर नसते, आणि हा फरक कायद्यातला आहे. युरोप परिषदेच्या 1969 च्या करारात तिला विद्यार्थी आणि कामगार यांच्यामधला स्वतंत्र वर्ग मानलं आहे.

जर्मनीतले नियम पाहिले की हे स्पष्ट होतं. काम दिवसाला 6 आणि आठवड्याला 30 तासांच्या आत. मुलांना न्याहारी देणं, बालवाडीत सोडणं-आणणं, त्यांच्याशी खेळणं, थोडं हलकं घरकाम. घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा तिच्याकडे येत नाही. महिन्याला मिळणाऱ्या 280 युरोंना जर्मन लोक 'टाशेनगेल्ड' म्हणतात, 'खिशातले पैसे'. याला मराठीत 'हातखर्च' इतका चपखल शब्द असताना 'पगार' किंवा 'मानधन' कशाला? भाषावर्गासाठी कुटुंबाने दरमहा 70 युरो द्यायचे असतात, कारण भाषा शिकणं हा या वर्षाचा मुख्य हेतू. तो जर्मनीने इतका मनावर घेतला आहे की घरात जर्मन बोललं जात असलं, तरी ते पालक मूळचे भारतातले असतील तर त्यांना भारतातून ओ पेअर बोलावता येत नाही. म्युनिकच्या मराठी घरात पुण्याची ओ पेअर, हे होणे नाही.

ती ज्यांच्या घरी राहते, त्यांच्यासाठी 'यजमान कुटुंब' मात्र रुळलेलं आहे, बिनधास्त वापरा. 'आमचे यजमान' म्हणजे नवरा, हा अर्थ 'कुटुंब' जोडल्यावर आड येत नाही.

माझं मत: 'ओ पेअर' आहे तसाच ठेवावा. 'बालसंगोपन साहाय्यिका' असलं काही घडवलं तर ते अर्जावरच राहील, तोंडात बसणार नाही. शिवाय मुलगेही ओ पेअर म्हणून जातात. 'ती ओ पेअर म्हणून गेली', 'तो ओ पेअर म्हणून गेला', आणि अनेकवचनही तेच. नातेवाइकांना भाचीने सरळ सांगावं: 'एका जर्मन कुटुंबात घरच्यासारखी राहून त्यांची मुलं सांभाळणार आहे आणि जर्मन शिकणार आहे. राहणं-जेवण त्यांच्याकडे, वर हातखर्च.'