कानेलोला सहा महिने आणि नरसिंगला चार वर्षं, हा न्याय आहे का?

तुम्ही विचारलंय की मेक्सिकोचा बॉक्सर कानेलो अल्वारेझ उत्तेजक चाचणीत सापडूनही सहा महिन्यांत रिंगमध्ये परतला, आपल्या पैलवान नरसिंग यादवला मात्र चार वर्षं घरी बसवलं, हे न्याय्य आहे का? माझं उत्तर: नाही. पण राग कानेलोवर काढू नका, चूक दुसरीकडे आहे.

फेब्रुवारी 2018 मध्ये कानेलोच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल सापडलं, तेही अगदी अल्प. मेक्सिकोत काही जण गुरांच्या अंगावर चरबी चढू नये म्हणून त्यांना हे औषध देतात आणि मटणातून ते खाणाऱ्याच्या अंगात उतरतं. 2011 मध्ये तिथे 17 वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला, तेव्हा 208 पैकी 109 नमुन्यांत हेच निघालं होतं. एवढी पोरं औषध घेऊन मैदानात उतरली असतील, हे पटत नाही. म्हणून कानेलोला लबाड म्हणायला माझी जीभ धजत नाही.

खटकते ती शिक्षेची मोजणी. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने बंदी धरली ती नमुना घेतला त्या 17 फेब्रुवारीपासून. 5 मेची गोलोव्हकिनबरोबरची लढत रद्द झाली आणि 15 सप्टेंबरला तीच लढत लास व्हेगासलाच झाली. एवढा मोठा बॉक्सर तसाही वर्षाला एक-दोनदाच लढतो. म्हणजे त्याची एक तारीख हुकली, इतकंच.

आता ब्रिटनचा बॉक्सर डिलियन व्हाइट घ्या. 2012 मध्ये दुकानात सहज मिळणाऱ्या पावडरीतून बंदी असलेला पदार्थ त्याच्या पोटात गेला. त्याने जाणूनबुजून घेतलं नाही, हे मान्यही झालं. तरी दोन वर्षं बंदी, कारण डब्यात काय आहे याची त्याने पुरेशी चौकशी केली नव्हती. तेव्हा तो नवखा होता. आमच्या कोल्हापुरात तालमीतली पोरं दूध-बदाम-थंडाईच्या जोडीला असेच डबे आणतात, तेव्हा मला हटकून व्हाइट आठवतो.

हा फरक पडतो, कारण व्यावसायिक बॉक्सिंगला एक धनी नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा आयोग वेगळा, परवाना वेगळा, नियम वेगळे. जगज्जेतेपदाचे पट्टे देणाऱ्या प्रमुख संघटनाच चार. मोठ्या लढतींच्या बऱ्याच चाचण्या ‘वाडा’ ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था नव्हे तर ‘व्हाडा’ नावाची संस्था करते, आणि तिच्याकडे नाव नोंदवणं ऐच्छिक असतं. कुस्तीत तसं नाही. तिथे ‘वाडा’ची जागतिक संहिता लागू होते आणि 2015 पासून स्टेरॉइडसारख्या पदार्थांना मूळ शिक्षाच चार वर्षांची. जेवणात कुणीतरी काही मिसळलं, हे नरसिंगचं म्हणणं ‘नाडा’ने, म्हणजे भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, मान्य केलं होतं. पण 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, लढतीच्या आदल्या दिवशी, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते फेटाळलं. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान! त्या पावसाळ्यात आमच्या तालमीच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता.

मला सर्वांत जास्त छळतं ते मात्र वेगळंच. बॉक्सिंगमध्ये समोरच्याच्या डोक्यावर ठोसे बसतात. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या रायन गार्सियाने ब्रुकलिनला डेव्हिन हेनीला तीनदा खाली पाडलं. नंतर गार्सियाच्या नमुन्यात ऑस्टरीन हे स्नायू वाढवणारं, बंदी असलेलं औषध निघालं. त्याने जाणूनबुजून घेतल्याचं नाकारलं. न्यूयॉर्कने त्याला वर्षभर बंदी घातली, मानधनातले सुमारे 11 लाख डॉलर सोडायला लावले आणि निकाल रद्द केला. कागदावरचा पराभव पुसला गेला, पण हेनीने खाल्लेले ठोसे कोण काढून घेणार? मे 2025 मध्ये गार्सिया पुन्हा लढला, तोही टाइम्स स्क्वेअरवर, गाजावाजा करत.

म्हणून मला वाटतं, बंदी महिन्यांत नव्हे, लढतींत मोजावी. पट्ट्याची लढत हुकली तर तिच्या तोडीच्या दोन लढती जाव्यात आणि मानधनातला वाटा प्रतिस्पर्ध्याला मिळावा. पदार्थ अन्नातून आल्याचं सिद्ध झालं, तर सवलत नवख्याला आणि जगज्जेत्याला सारखीच हवी.

आणि दुसऱ्यांदा सापडेल त्याला परवानाच नको. अमेरिकेचा बॉक्सर जॅरेल मिलर 2019 मध्ये तीन वेगवेगळ्या पदार्थांसाठी सापडला, तेव्हाचा जगज्जेता अँथनी जोशुआबरोबरची लढत खेळण्याची संधी गमावून बसला, 2020 मध्ये पुन्हा सापडला. नेवाडाने त्याला दोन वर्षं दिली. अजाणतेपणी खाल्लेल्या पावडरीसाठी व्हाइटला मिळाली होती तेवढीच.